राऊल हुलिआ: हेल न पुसता मोठा झालेला नट

सावंतवाडीकडच्या एका तरुण नटाने मला विचारलं आहे: "सर, सहा वर्षं राज्य नाट्य स्पर्धेत आणि दशावतारात कामं केली. आता मुंबईत मालिकांसाठी ऑडिशन देतोय. सगळीकडे दोनच गोष्टी ऐकायला मिळतात, 'फार नाटकी करतोस' आणि 'तो मालवणी हेल आधी घालव'. परवा 'स्ट्रीट फायटर' नावाचा जुना इंग्रजी सिनेमा बघितला. सिनेमा सुमार आहे, पण त्यातला खलनायक इतकं मोठं करतो आणि तरी खोटा वाटत नाही. हा नट कोण? त्याला हे कसं जमलं?"

अरे, तू अगदी नेमका माणूस पकडलास. गेली तीस वर्षं मी नटांच्या आवाजावर आणि शरीरावर काम करतोय, आणि नाटकातून कॅमेऱ्यापुढे जाणाऱ्या प्रत्येकाला मी या माणसाचं काम बघायला लावतो. त्याचं नाव राऊल हुलिआ. अमेरिकेत पुष्कळजण त्याला जूलिया म्हणायचे, कारण स्पॅनिशमध्ये 'ह' वाचायचं अक्षर इंग्रजीत 'ज' वाचलं जातं. त्याच्या गावाकडे तो हुलिआच. मीही हुलिआच म्हणणार.

जन्म ९ मार्च १९४०, सान हुआन, पोर्तो रिको. कॅरिबियन समुद्रातलं हे बेट. १८९८ मध्ये ते स्पेनच्या हातून अमेरिकेच्या ताब्यात गेलं आणि १९१७ मध्ये तिथल्या लोकांना अमेरिकन नागरिकत्व मिळालं. बेटावर राहणाऱ्याला अमेरिकेच्या अध्यक्षाच्या निवडणुकीत मात्र आजही मत नाही. म्हणजे पासपोर्ट अमेरिकन, घरची भाषा स्पॅनिश, आणि न्यूयॉर्कला उतरलं की तोंड उघडताक्षणी 'बाहेरचा'. तुझ्या परिस्थितीशी हे तंतोतंत जुळत नाही, पण ऑडिशनच्या खोलीत पहिलं वाक्य बोलल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते तू ओळखशील.

वडील रेस्टॉरंट चालवायचे. मुलाने वकील व्हावं असं घरी वाटत होतं. शाळेतल्या पहिल्याच नाटकात त्याच्या वाट्याला सैतान आला, आणि या पोराने तो असा काही झोडला की पुढच्या प्रत्येक नाटकात त्याला घेणं शाळेला भाग पडलं. तू दशावतारातला आहेस, संकासुर आल्यावर पुढे बसलेली पोरं कशी आईला चिकटतात ते तुला सांगायला नको. ज्या नटाची सुरुवात अशा पात्रापासून होते, त्याला एक गोष्ट फार लवकर कळते: मोठं करायचं तर आधी स्वतःला पूर्ण पटलेलं असावं लागतं. अर्धवट पटलेला संकासुर हा नुसता काळे कपडे घातलेला माणूस असतो.

सान हुआनमध्ये तो नाटकांत आणि रात्रीच्या क्लबांतल्या कार्यक्रमांत कामं करत होता. तिथे ऑर्सन बीन या अमेरिकन नटाने त्याला पाहिलं आणि न्यूयॉर्कला येऊन विन हँडमन या अभिनय-शिक्षकाकडे शिकण्याचा सल्ला दिला. १९६४ मध्ये तो गेला. पहिलं काम स्पॅनिश नाटकात, काल्देरोन या जुन्या स्पॅनिश नाटककाराच्या 'ला विदा एस स्वेन्यो'मध्ये. मग रस्त्यावर प्रयोग करणाऱ्या एका मंडळीत गेला. गरीब वस्त्यांत, कधी इंग्रजीत, कधी स्पॅनिशमध्ये प्रयोग व्हायचे, आणि लोकांना आवडलं नाही तर वरून वस्तू फेकल्या जायच्या. ही शाळा महत्त्वाची आहे. तिकीट काढून आलेला प्रेक्षक सौजन्याने दहा मिनिटं तरी गप्प बसतो. रस्त्यावरच्या माणसाला तुम्ही थांबवायचं असतं.

नंतर त्याला जोसेफ पॅप भेटला. हा माणूस नसता तर हुलिआ झाला नसता, हे मी ठामपणे म्हणतो. सेंट्रल पार्कमधल्या डेलाकोर्ट या उघड्या नाट्यगृहात पॅप शेक्सपिअर फुकट दाखवायचा. त्याचा आग्रह असा की अमेरिकन नटाने लंडनच्या नटांसारखं बोलायचा प्रयत्न करू नये, न्यूयॉर्कच्या रस्त्यावर जे आवाज आहेत तेच रंगमंचावर यावेत. काळे नट, लॅटिन नट, ज्यू नट, सगळ्यांना त्याने राजे आणि राजपुत्र केलं. १९६६ मध्ये त्याने स्पॅनिश भाषेतला 'मॅकबेथ' काढला, त्यात हुलिआ मॅकडफ होता. पुढच्या वर्षी 'टायटस अँड्रॉनिकस'मध्ये डेमेट्रियस, इंग्रजीत. पण मधल्या काळात काम नव्हतं. किरकोळ नोकऱ्या चालल्या होत्या. एकदा अगदी मेटाकुटीला येऊन त्याने पॅपला फोन केला की मिळेल ते काम दे. पॅपने त्याला नाट्यगृहाची व्यवस्था बघायची नोकरी दिली. प्रेक्षकांना जागेवर बसवणं, दारं सांभाळणं, पडदा वर जायच्या आधी सगळं ठीक आहे ना ते बघणं. मॅकडफ केलेल्या नटाने हे काम केलं आणि त्या इमारतीत टिकून राहिला. १९६८ मध्ये ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या व्यावसायिक रंगभूमीवर, पहिली संधी मिळाली ती 'द क्यूबन थिंग' या नाटकात, आणि ते नाटक एका प्रयोगात बंद पडलं.

डेलाकोर्टबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण 'नाटकी' या शब्दाचं मूळ तिथे आहे. सुमारे १८०० लोकांची बसायची जागा, वर आकाश, आणि स्वगत ऐन रंगात आलं की डोक्यावरून विमान जातं. तिथे नट करणार काय? ओरडला तर घसा बसेल. त्याला शब्द लांबवर पोहोचवावा लागतो, म्हणजे शब्दाचा शेवट सांभाळावा लागतो. जत्रेत रात्री बारानंतर, एका बाजूला पेट्रोमॅक्सची सरसर आणि दुसऱ्या बाजूला खाज्यांच्या दुकानांचा गलबला, अशात तू बोलला असशील तर तुला हे ठाऊक आहे. हुलिआचं इंग्रजी नीट ऐक. त्याचे स्वर स्पॅनिश आहेत, लय स्पॅनिश आहे, पण शब्दाच्या शेवटचं व्यंजन तो कधीही गिळत नाही. त्याचा एकही शब्द ऐकू आला नाही असं होत नाही. हेल राहिला आणि अस्पष्टपणा गेला. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ऑडिशन घेणारे बहुतेक लोक त्यांची गल्लत करतात.

१९७१ मध्ये पॅपच्याच संस्थेने 'टू जंटलमेन ऑफ व्हेरोना'चं संगीतनाटक केलं. शेक्सपिअरची गोष्ट, रॉक आणि लॅटिन ताल, आणि मुख्य भूमिकांत काळे आणि पोर्तो रिकन नट. हुलिआ प्रोटिअस होता. नाटकाला सर्वोत्कृष्ट संगीतनाटकाचा टोनी, म्हणजे ब्रॉडवेचा सगळ्यात मोठा पुरस्कार, मिळाला आणि त्याला नामांकन. पुढे 'व्हेअर्स चार्ली?', 'थ्रीपेनी ऑपेरा' आणि १९८२ चं 'नाइन' यांसाठी आणखी तीन नामांकनं झाली. चारही वेळा टोनी दुसऱ्याला गेला. 'नाइन'मध्ये तो रंगमंचावरचा एकुलता एक प्रौढ पुरुष होता, भोवती वीसेक स्त्रिया, आणि संपूर्ण नाटक त्याच्या खांद्यावर.

याच काळात अमेरिकेतल्या लहान मुलांनी त्याला वेगळ्याच रूपात पाहिलं. १९७१च्या सुमारास 'सेसमी स्ट्रीट' या मुलांच्या कार्यक्रमात तो राफाएल झाला, दुरुस्तीच्या दुकानातला भागीदार. दूरदर्शनवरचं त्याचं हे काम लोक विसरतात. मला ते महत्त्वाचं वाटतं, कारण चार वर्षांच्या मुलाशी बोलताना मोठा नट लहान होत नाही, तो फक्त जवळ येतो.

त्याचं शेक्सपिअर बघायचं असेल तर १९७३ च्या डेलाकोर्टवरच्या 'किंग लिअर'चं चित्रीकरण आहे. लिअर झालाय जेम्स अर्ल जोन्स, आणि हुलिआ एडमंड, अनौरस मुलगा, ज्याला घरात जागा नाही. प्रेक्षकांशी थेट बोलताना त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद आहे तो बघ. त्या भूमिकेत त्याचा परका उच्चार पात्राचाच भाग होऊन जातो. सगळे एका घराण्याचे, हा एकटा बाहेरचा, आणि ते कानाला कळतं. १९७८ मध्ये त्याच पार्कात मेरिल स्ट्रीपसोबत त्याने 'टेमिंग ऑफ द श्रू' केलं. त्यावर एक माहितीपट आहे, त्यात विंगेतून आत-बाहेर होणारे हे दोघे, घामाने निथळलेले, दिसतात. ऑथेल्लो त्याने दोनदा केला, १९७९ ला आणि १९९१ ला.

इथे एक गोष्ट सांगतो, ती तुला कोणी सांगितली नसेल. १९७६ मध्ये त्याने मेरेल पोलोवे या नर्तकीशी लग्न केलं, आणि ते लग्न हिंदू पद्धतीने लागलं, स्वामी मुक्तानंदांच्या उपस्थितीत. मुक्तानंद म्हणजे आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या गणेशपुरीचे, भगवान नित्यानंदांचे शिष्य. सत्तरच्या दशकात ते अमेरिकेत होते आणि न्यूयॉर्कच्या नाटक-सिनेमातली बरीच मंडळी त्यांच्याकडे जात. कॅथलिक शाळेत शिकलेला हा माणूस वज्रेश्वरीच्या वाटेवरच्या एका आश्रमाच्या परंपरेशी असा जोडला गेला. पुढे सिनेमात आर्चबिशप रोमेरोची भूमिका करताना तो पुन्हा आपल्या कॅथलिक श्रद्धेकडे वळला. मला यात विरोध दिसत नाही. जिथे जाईल तिथे मनापासून जायचं, हा त्याचा स्वभाव. भुकेविरुद्ध काम करणाऱ्या 'द हंगर प्रोजेक्ट' या संस्थेचं काम १९७७ मध्ये अंगावर घेतलं ते शेवटपर्यंत सोडलं नाही.

आता सिनेमा. तिथे त्याला वेळ लागला. 'पॅनिक इन नीडल पार्क'मध्ये छोटंसं काम, 'आइज ऑफ लॉरा मार्स'मध्ये बऱ्यापैकी, 'टेम्पेस्ट'मध्ये गमतीदार. खरी कलाटणी १९८५ च्या 'किस ऑफ द स्पायडर वुमन'ने दिली. मूळ कादंबरी अर्जेंटिनाच्या मान्वेल पुइगची, दिग्दर्शक हेक्टर बाबेंको, चित्रीकरण ब्राझीलमध्ये साओ पावलोला. तुरुंगाच्या एका कोठडीत दोन कैदी. एक मोलिना, सिनेमांच्या गोष्टी सांगत जगणारा समलिंगी, आणि दुसरा व्हालेंतिन, छळ सोसलेला क्रांतिकारक. विल्यम हर्ट मोलिना झाला, हुलिआ व्हालेंतिन. पैसे इतके कमी होते की दोघांनी मानधनावर आधी पाणी सोडलं, सिनेमा चालला तर मिळेल या बोलीवर. हुलिआ तिथे जाऊन तुरुंग आणि छळ भोगलेल्या माणसांना भेटला, त्यांच्याशी बोलला. तालमीत अडलं तेव्हा दोघांनी भूमिका बदलून बघितल्या, आणि हुलिआचा मोलिना बघून हर्टला वाटलं की आपण अदलाबदलच करावी. बाबेंकोने ऐकलं नाही.

पुढे हर्टला कान महोत्सवाचा पुरस्कार मिळाला, ऑस्कर मिळालं. हुलिआच्या वाट्याला हर्टसोबत विभागलेला नॅशनल बोर्ड ऑफ रिव्ह्यूचा पुरस्कार आला. ऑस्करचं साधं नामांकनही त्याला आयुष्यात कधी मिळालं नाही. मी तो सिनेमा कितीतरी वेळा विद्यार्थ्यांना दाखवलाय, आणि प्रत्येक वेळी सांगतो: मोलिनाचं बोलणं उभं राहतं ते व्हालेंतिनच्या ऐकण्यावर. मोलिना गोष्ट सांगतोय, व्हालेंतिन वैतागलाय, पाठ फिरवतोय, आणि तरी त्याची मान हळूहळू त्या आवाजाकडे वळते. त्या वळण्याला एकही शब्द नाही. पार्कातल्या १८०० लोकांसाठी तयार झालेला नट कॅमेऱ्यापुढे मानेच्या एका वळणावर आला. त्याने ताकद कमी केली असं मला वाटत नाही. सगळी ताकद त्याने त्या मानेत ठेवली.

आणि 'रोमेरो'. १९८९. एल साल्वादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो, ज्यांना २४ मार्च १९८० रोजी मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, चालू असताना गोळी घालून मारलं आणि ज्यांना चर्चने २०१८ मध्ये संत म्हणून जाहीर केलं. सिनेमाच्या सुरुवातीला हा धर्मगुरू पुस्तकात रमणारा, भांडण टाळणारा, नाकावर चष्मा आणि आवाज खालचा असा आहे. हुलिआ अंगाने उंच, भरदार, मोठ्या डोळ्यांचा. त्या माणसाने खांदे आत घेतले, पावलं छोटी केली, डोळे चष्म्यामागे झाकले.

त्यातला देवळातला प्रसंग तुला बारकाईने सांगतो. सैन्याने चर्चची बराक केली आहे. रोमेरो आत जातात, पवित्र प्रसाद तरी घेऊन जाऊ द्या म्हणतात. एक सैनिक सरळ वेदीवर गोळ्यांची फैर झाडतो. रोमेरो बाहेर पडतात. आपल्याला वाटतं, संपलं. मग ते परत आत येतात. वेदीपाशी गुडघ्यावर बसतात आणि जमिनीवर विखुरलेले प्रसादाचे तुकडे एकेक करून उचलायला लागतात. डोक्यावरून पुन्हा गोळ्या सुटतात. हुलिआचं अंग दचकतं. तो शूर माणसासारखा ताठ बसत नाही, तो घाबरतो, हात थरथरतात, आणि बोटं मात्र तुकडे उचलायचं थांबवत नाहीत. पुन्हा बाहेर. आणि तिसऱ्या वेळी ते अंगावर धर्मवस्त्र घेऊन, मागे गावकरी घेऊन येतात. तीन वेळा आत जाणं, आणि तिन्ही वेळा चाल वेगळी. पहिल्यांदा पाहुण्याची, दुसऱ्यांदा चोरासारखी, तिसऱ्यांदा घरच्या माणसाची. भाषणबाजी नाही. हे ज्याला 'नाटकी' म्हणायचं त्याने खुशाल म्हणावं, माझ्या मते इतक्या पायऱ्या इतक्या स्वच्छ दाखवायला नाटकाचीच शिस्त लागते. चालीवरून माणसाची अवस्था शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवायची सवय त्याला आधीपासून होती.

१९९० च्या 'प्रिझ्युम्ड इनोसंट'मध्ये तो बचाव पक्षाचा वकील सँडी स्टर्न आहे. तिथे तर तो जवळजवळ हलतच नाही. कोर्टात मऊ आवाजात, अदबीने साक्षीदाराला खिंडीत पकडतो. घरच्यांना हवा असलेला वकील शेवटी पडद्यावर झाला तो असा. ज्याला वाटतं की हुलिआ म्हणजे नुसता मोठा आवाज, त्याने हे काम बघावं.

मग १९९१ मध्ये 'द अ‍ॅडम्स फॅमिली', आणि दोन वर्षांनी त्याचा दुसरा भाग. गोमेझ अ‍ॅडम्स, विचित्र कुटुंबाचा कर्ता, बायकोवर लग्नाच्या इतक्या वर्षांनंतरही वेडा. तलवार काय फिरवतो, टँगो काय नाचतो, बायको फ्रेंच बोलली की हातावर चुंबनांची रांग लावतो. हे सगळं अफाट मोठं आहे. आणि तरी खरं आहे, कारण मॉर्टिशिया झालेल्या अँजेलिका ह्यूस्टनकडे तो बघतो तेव्हा तो खरंच बघतो. एक तांत्रिक गोष्ट टिपून ठेव. त्याचे डोळे हाताच्या आधी पोहोचतात. तो कुठलाही मोठा हातवारा करण्यापूर्वी नजरेने निर्णय घेतलेला असतो, क्षणभर सगळं शरीर शांत, आणि मग हात सुटतो. ज्या नटाचे हात आधी हलतात आणि डोळे मागून येतात त्याला आपण 'ओव्हर' म्हणतो. आपल्याकडे दशावतारातला जाणता नट राजाच्या सोंगात असंच करतो, आधी नजर आणि मग पाऊल. तुझ्या अंगात हे असणार. कॅमेऱ्यापुढे घाबरून तू ते उलटं करत असशील.

त्याआधी ऐंशीच्या दशकात त्याने टीव्हीवर जहाजमालक ओनासिस केला, म्हणजे ग्रीक. मुसोलिनीचा जावई चियानो केला, म्हणजे इटालियन. मेक्सिकोचा सेनापती सांता आना केला. यात हॉलीवूडचा आळसही आहे हे मी लपवणार नाही. परका उच्चार असला की कुठलाही देश चालतो, अशी त्यांची समजूत. पोर्तो रिकोच्या माणसाला पोर्तो रिकन म्हणून भरघोस भूमिका तिथे फारशी मिळाली नाही. ती भूक त्याने आपल्या बेटावर जाऊन भागवली. 'ला ग्रान फिएस्ता' या १९८६ च्या पोर्तो रिकन सिनेमात तो एका दारू प्यायलेल्या कवीच्या छोट्या भूमिकेत आहे, आपल्या भाषेत, आपल्या माणसांत.

शेवटच्या वर्षाबद्दल लिहिताना माझा हात जड होतो. त्याला पोटाचा कर्करोग होता. १९९४ मध्ये प्रक्षेपित झालेल्या 'द बर्निंग सीझन' या टीव्ही-चित्रपटात तो चिको मेंडेस झाला, ब्राझीलमधल्या अ‍ॅमेझॉनच्या जंगलातला रबराचा चीक काढणारा कामगार, ज्याने जंगलतोडीविरुद्ध माणसं उभी केली आणि ज्याला २२ डिसेंबर १९८८ रोजी मारलं. मेक्सिकोत चित्रीकरण चालू असताना हुलिआची तब्येत इतकी ढासळली की त्याला हवाई मार्गाने मेक्सिको सिटीच्या इस्पितळात न्यावं लागलं. तो परत आला आणि काम पूर्ण केलं.

त्यानंतर 'स्ट्रीट फायटर'. एका व्हिडिओ गेमवरचा सिनेमा, थायलंड आणि ऑस्ट्रेलियात चित्रीकरण. त्याची दोन मुलं त्या गेमची चाहती होती, आणि तब्येत अशी असताना त्याने ही भूमिका त्यांच्यासाठी घेतली. तिथे पोहोचला तेव्हा तो इतका खंगलेला होता की अंगावर ताण येणारी दृश्यं पुढे ढकलावी लागली. तू पाहिलेला एम. बायसन, तो लाल गणवेश, तो फिरणारा झगा, त्याच्या आत हा माणूस होता. त्या सिनेमातली चुन-ली त्याला सांगते की माझ्या गावावर तू धाड घातलीस, माझ्या वडिलांना मारलंस, तो प्रसंग आठव. ती सगळं मन ओतून बोलते आणि बायसन पाठमोरा, स्वतःतच, अगदी सहज सांगतो की तिच्या आयुष्यातला तो दिवस सगळ्यात मोठा असेल, त्याच्यासाठी तो एक मंगळवार होता. दुसरा कुठलाही नट तिथे राक्षसी हसला असता. हुलिआ ते सभ्यपणे, जवळजवळ दिलासा दिल्यासारखं म्हणतो. त्याने या पात्राला हुकूमशहा म्हणून गंभीरपणे घेतलं, रिचर्ड तिसरा किंवा मॅकबेथ घ्यावा तसं. म्हणून सुमार सिनेमात तो तुला खोटा वाटला नाही.

ऑक्टोबर १९९४ मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला, तो बेशुद्धीत गेला आणि २४ तारखेला न्यूयॉर्कजवळच्या मॅनहॅसेटच्या इस्पितळात वारला. वय ५४. 'स्ट्रीट फायटर' डिसेंबरमध्ये लागला. चिको मेंडेसच्या भूमिकेसाठी गोल्डन ग्लोब आणि एमी हे मोठे अमेरिकन पुरस्कार त्याला मरणोत्तर मिळाले. देह सान हुआनला नेला. पोर्तो रिकोने त्याला सरकारी इतमामाने निरोप दिला, आणि रस्त्यांवर लोक उभे होते.

आता तुझं. माझ्याकडे एकदा पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतून एक मुलगा आला होता, तिथल्या मंडईच्या, म्हणजे जत्रेच्या, रात्रींच्या नाटकांमध्ये तयार झालेला. त्याच्या बोलण्यात टायमिंग असं होतं की विचारू नकोस. एका मालिकेसाठी त्याला निवडलं आणि पहिल्याच दिवसापासून त्याचं बोलणं 'शुद्ध' करायला माणूस लावला. तीन आठवड्यांत तो प्रमाण मराठी बोलू लागला, आणि टायमिंग गेलं. कारण त्याचा विनोद त्या हेलाच्या चढ-उतारावर उभा होता, खालचा सूर काढून घेतला तर वरचा कशावर टेकणार? त्याला भूमिकेतून काढलं. मला तेव्हा त्याच्या बाजूने भांडायला हवं होतं. मी भांडलो नाही, आणि ते मला आजही बोचतं. म्हणून तुला एवढं सविस्तर लिहितोय.

प्रमाण मराठी जरूर शिक. पोलीस अधिकारी, डॉक्टर, पुण्यातला प्राध्यापक करायचा तर ती लागेल, आणि नटाला चार बोल्या आल्याच पाहिजेत. पण ती मालवणीच्या शेजारी ठेव, मालवणीच्या जागी नको. रोज अर्धा तास मोठ्याने वाच आणि फक्त एकच गोष्ट तपास, शब्दाचा शेवट ऐकू येतो का. 'गेलंय'मधला 'य', 'हात'मधला 'त', 'आठवण'मधला 'ण'. मोबाइलवर रेकॉर्ड कर आणि दुसऱ्या खोलीत ठेवून ऐक. एवढं जमलं की हेलाबद्दलच्या निम्म्या तक्रारी आपोआप बंद होतील, कारण लोकांना खटकतो तो न कळलेला शब्द, आणि दोष जातो सुराला.

'नाटकी' म्हणतात त्यावर हे करून बघ. तुझं ऑडिशनचं दृश्य आधी जत्रेत करतोस तसं पूर्ण मोठं कर, काहीही न राखता. मग तेच खुर्चीत बसून कर, हात मांडीखाली दाबून. जे हातांनी करत होतास ते आता कुठे जातं ते बघ. मानेत जाईल, श्वासात जाईल, डोळ्यांत जाईल. तिसऱ्यांदा हात मोकळे सोड आणि नजरेने ठरवल्याशिवाय हलवू नकोस. आवाज खाली आणताना श्वास खाली आणू नकोस. हळू बोलायलाही पोटातून तेवढीच हवा लागते. नवे नट कुजबुजतात आणि त्याला सहज अभिनय म्हणतात, माइकला नुसती हवा ऐकू येते.

बघायचं या क्रमाने बघ. आधी १९७३ चा एडमंड, मग व्हालेंतिन, मग रोमेरोतला देवळातला प्रसंग, तोही आधी आवाज बंद करून. त्यानंतर सँडी स्टर्न आणि गोमेझ एकाच रात्री, लागोपाठ. आणि शेवटी पुन्हा तो मंगळवारचा प्रसंग.

हे झालं की दशावतारात तू सगळ्यात जास्त वेळा केलेल्या राजाचं कुठलंही एक भाषण घे, मालवणीतच ठेव, आणि बाकावर बसून, कॅमेरा चेहऱ्यापासून दोन हातांवर ठेवून रेकॉर्ड कर. मेकअप नको, किरीट नको. ते मला पाठव.